काळ्या फरशीवरची वाट

१

मंडपामागच्या कुंडात सार्वोको उताणे पडलेले सापडले, तेव्हा सूर्य नुकताच लावू डोंगराच्या खांद्यावर आला होता आणि कुंडात पाण्याचा टिपूस नव्हता.

सापडले ते संग्रहालयाच्या संचालिका इबू कुसुमास्तुती यांना; इबू म्हणजे बाई. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, पाहुण्यांसमोर शेवाळलेलं पाणी नको, म्हणून त्यांनी पहाटेच कुंड उपसायला लावलं होतं. झाडणारे लोक मागच्या दाराने गेले आणि त्या पुढून फुलांच्या माळा बघायला आल्या, तर खाली दगडावर पांढरी टोपी. टोपीपलीकडे माणूस. श्वास चालू होता, पण हाकेला उत्तर नव्हतं.

वेनिंगची गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा त्यांना रुग्णवाहिकेत चढवत होते. तिला चेहरा दिसला नाही, दिसले ते फक्त त्यांचे अनवाणी पाय. एक सरळ, एक भलत्याच दिशेला वळलेला. वहाणा मंडपावर चढायच्या उताराच्या पायथ्याशी नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या आणि पांढरी काठी खांबाला टेकवलेली होती.

सार्वोको लहानपणीच तापात आंधळे झाले. पण तालुक्यातल्या कुठल्याही वाद्यमेळाचा सूर बिघडला की लोक त्यांनाच बोलवायचे. वेनिंगचा कणा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत, आणि संग्रहालयं, देवळं, सरकारी कचेऱ्या यांत आपल्यासारख्या माणसाला शिरता येतं की नाही हे तपासत फिरणं हेच तिचं काम झालं होतं. या संग्रहालयाशी दोघं मिळून दोन वर्षं भांडली होती. एका जुन्या सरदाराचा हा वाडा, त्याच्या पुढे काळ्या गुळगुळीत फरशीचा उघडा मंडप, आणि मंडपाच्या डाव्या हाताच्या दालनात त्या घराण्याचा जुना गाँग, ठोक्याने वाजणारी काशाची मोठी टांगती थाळी, क्याई मेगो. क्याई हा आदराचा किताब. मेघासारखा गुरगुरतो म्हणून मेगो. भांडून भांडून उतार बांधून घेतला, वस्तूंची टेबलं खाली आणवली, हात लावून बघायच्या प्रतिकृती करवल्या, कानाला लावायचं बोलकं यंत्र आलं. आणि काळ्या फरशीवर पिवळी, उंचवट्याची पट्टी आली. आंधळ्या माणसाने तळव्यांनी वाचत जायची वाट ती. उभ्या रेघा असल्या की चालत राहायचं, टिपके लागले की थांबायचं, वळायचं. उताराच्या डोक्यापासून मंडपाच्या मध्यापर्यंत रेघा, मध्यावर टिपके, तिथून डावीकडे गाँगच्या दालनापर्यंत पुन्हा रेघा.

ती पट्टी सार्वोकोंना तोंडपाठ होती. काठी ते मुद्दाम बाहेर ठेवत. मंडपात आलं की माझे पाय जास्त शहाणे आहेत, म्हणत.

पोलीस अधिकाऱ्याने फार वेळ घेतला नाही. पट्टी जागच्या जागी होती, कुठे उखडलेली नव्हती. आंधळा माणूस, एकटा, काठीही बाहेर ठेवलेली. वळायचं विसरला आणि सरळ गेला. संध्याकाळपर्यंत अपघाताची नोंद करून टाकतो, असं तो म्हणाला. इबू कुसुमास्तुतींनी वरच्या कचेरीला फोन केलाच होता. तिथून हुकूम आला होता की पट्टी संध्याकाळच्या आत उखडा, आंधळ्यांचा कार्यक्रम रद्द करा, उद्घाटन साधंसुधं होऊ दे.

"ते वळायला विसरले नाहीत," वेनिंग म्हणाली.

अधिकाऱ्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. असं पाहणाऱ्या नजरा तिच्या चांगल्या ओळखीच्या होत्या.

त्या सकाळी तिच्याशी माणसासारखे वागले ते एकटे दानुर्वेंदो. संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखणारे हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले आणि आवाजाने इतके मऊ, की त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी तिला जाईचा गोड चहा आणून दिला. कुंड बघायचं आहे म्हटल्यावर खुर्चीला हात लावण्याआधी, ताई या अर्थी म्बाक म्हणत, विचारलं, "ढकलू का, म्बाक?" हे फार थोडे लोक विचारतात. उतारावरून वर, मंडपातून मागच्या काठाकडे ते तिला घेऊन गेले. मध्य ओलांडल्यावर त्यांनी हलकेच खुर्ची मागे कलती केली, पुढची छोटी चाकं उचलून धरली आणि काठाशी पोचल्यावर तान्ह्या मुलाला ठेवावं तशी टेकवली. काठाशी एरवी साखळी असे. माळा बांधायच्या म्हणून इबूंनी ती आदल्या दिवशी काढवली होती. खाली, माणसाच्या उंचीहून खोल, कोरडा दगड होता.

तिच्या मागे उभे राहून दानुर्वेंदो बराच वेळ खाली बघत होते.

"पाणी असायला हवं होतं," ते पुटपुटले.

२

संध्याकाळपर्यंतच वेळ होता. वेनिंगने एकेकाला गाठायचं ठरवलं.

इबू कुसुमास्तुती कचेरीत फोन कानाला लावूनच बोलत होत्या. बाई कडक होत्या, आणि आज भेदरलेल्याही. साखळी आपण काढवली हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, पण लगेच बजावलं की दोष खरा त्या पट्टीचा. त्या पट्टीमुळे असल्या लोकांना वाटतं की एकटं फिरता येतं. आणि आंधळ्याला पिवळा रंग कशाला हवा, हे त्यांना आजवर कोणी पटवून दिलेलं नव्हतं. अंधुक दिसणाऱ्यांसाठी रंग आणि न दिसणाऱ्यांसाठी उंचवटे, हे वेनिंगने त्यांना निदान दहादा सांगितलं असेल. तिने अकराव्यांदा सांगितलं नाही. तिने फक्त विचारलं, मंडपात काही वेगळं दिसलं होतं का?

इबूंनी आठवून सांगितलं. मध्यावर एक चटई अंथरलेली होती. स्ट्रेचर आणताना पायात येईल म्हणून त्यांनीच ती गुंडाळून बाजूला फेकली. आदल्या संध्याकाळी वादक सराव करून गेले, त्यांचीच असणार.

मध्यावर, म्हणजे टिपक्यांवर. चटई असली तर टिपके पायाला लागणारच नाहीत. पण मग पट्टी संपली असं वाटून सार्वोको जागीच उभे राहिले असते. पायाखाली वाट नसेल तर पुढे पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनीच कितीतरी आंधळ्या मुलांना शिकवलं होतं. नुसती चटई पुरत नव्हती.

तिने वादकांच्या म्होरक्याला फोन लावला. ते सगळे दालनातच बसले होते, चटया दालनातल्याच वापरल्या आणि जाताना तिथेच रचून ठेवल्या. मंडपात कोणी चटई नेली नव्हती.

मास गालिह, म्हणजे गालिहदादा, हा तरुण वास्तुरचनाकार. उतार आणि पट्टी दोन्ही त्याच्या हातची. तो पायरीवर डोकं धरून बसला होता. लोक आता मलाच धरणार, म्हणाला. मग रागाच्या भरात त्याने जुनं उकरून काढलं. पिवळ्या रंगावरून गाँगच्या घराण्याच्या राडेनसाहेबांनी तोंड वाकडं केलं तेव्हा मी पारदर्शक पट्टीचा नमुना आणला होता की नाही? सगळ्यांसमोर ठेवला होता. इबूंना आवडला, राडेननाही आवडला. तुम्हीच हट्ट धरलात म्बाक, की अंधुक दिसणाऱ्याला ती दिसणार नाही. ते भेंडोळं तसंच कोठीत पडलंय.

"कोठीची किल्ली कोणाकडे?"

"इबूंकडे, दानुर्वेंदोंकडे, माझ्याकडे. राडेनसाहेब मागतील तेव्हा त्यांना."

राहिले राडेन प्रजित्नो, गाँगच्या सरदार घराण्यातले वडीलधारे; राडेन हा त्यांचा किताब. ते दालनाबाहेर पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसले होते, ओठ सुकलेले. दोन वर्षं त्यांनी एकच पालुपद धरलं होतं की क्याई मेगोला कोणाचा हात लागता कामा नये. वेनिंग त्यांच्याकडे मनात अढी घेऊनच गेली. पण म्हातारबुवांनी जे सांगितलं ते तिला नवीन होतं. गेल्या आठवड्यात सार्वोको त्यांच्या घरी आले. म्हणाले, राडेन, दिसणाऱ्यांसाठी तुम्ही क्याईंना टांगून ठेवलंय, माझ्यासाठी मात्र ते तिथे नाहीतच. आवाज नाही तर माझ्यासाठी तिथे भिंत आहे. राडेननी रात्र काढली आणि सकाळी होकार कळवला. उद्घाटनाला क्याई मेगो वाजणार, यंत्रातून नव्हे, खराखुरा. पहिला ठोका राडेनचा. त्यासाठी त्यांचा तीन दिवस उपवास चालला होता.

हे शेवटच्या बैठकीत सगळ्यांना कळलं होतं. त्याच बैठकीत सार्वोको हसत म्हणाले होते, उद्घाटनाच्या आदल्या सकाळी मी एकटा येईन, वाट चालून बघेन, आणि क्याईंना बोटाची टिचकी मारून आधी उठवून ठेवीन. इतकी वर्षं झोपलेत, एकदम ठोका बसला तर दचकतील.

३

दुपारच्या जेवणाला सगळे मागच्या अंगणात गेले. भात आणि तळलेल्या सोयाबीनच्या तेम्पेच्या वासानेही वेनिंगला भूक लागेना. ती एकटीच स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत मंडपात आली.

सार्वोको जसे गेले असतील तसं जायचं तिने ठरवलं. उताराच्या डोक्यापासून पिवळ्या पट्टीच्या कडेकडेने मध्यापर्यंत. इथे टिपके, इथे डावं वळण. ती वळली नाही. सरळ कुंडाकडे निघाली. काळी फरशी आरशासारखी होती, तिच्यात छताचे वासे उलटे दिसत होते.

तिची खुर्ची थरथरली.

ती थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. पुन्हा तोच थरथराट, पुढच्या दोन छोट्या चाकांतून पायांच्या फळीत, तिथून कमरेवरच्या तेवढ्या भागात, जिथे तिला अजून काही जाणवत होतं. मोठ्या माणसाचं चप्पल घातलेलं पाऊल जिथे काही ओळखणार नाही, तिथे एवढंसं चाक चुगली करतं. समोर फरशी सपाट होती, नुसती चकचकीत.

ती वाकली, खुर्चीतून पडता पडता सावरली आणि बोटं फरशीवर टेकली.

रेघा होत्या. काचेसारख्या, काळ्या दगडावर अजिबात न दिसणाऱ्या उंच रेघा, एकीशेजारी एक, पिवळ्या पट्टीइतक्याच अंतरावर. ती हाताने चाचपत पुढे सरकत गेली. मध्यापासून त्या सरळ निघत होत्या आणि थेट काठापर्यंत जात होत्या. शेवटी टिपके नव्हते. थांब म्हणणारं काहीच नव्हतं. चालत राहा, चालत राहा, एवढंच पायांना सांगत त्या कुंडाच्या तोंडाशी संपत होत्या.

वळणाचे टिपके चटईने झाकलेले, आणि चटई संपताच पायांखाली या रेघा. सार्वोको वाट चुकले नव्हते. ज्या भाषेवर त्यांनी आयुष्य टाकलं होतं, त्याच भाषेत कोणीतरी त्यांच्याशी खोटं बोललं होतं.

अंगणातून भांड्यांचा आवाज येत होता. तिथे जेवणाऱ्यांपैकीच कोणीतरी ही वाट चिकटवली होती. सकाळपासून मंडपात लोकांची आणि पोलिसांची ये-जा, म्हणून ती काढायला त्या माणसाला सवड मिळाली नव्हती. संध्याकाळी पिवळी पट्टी उखडायला मजूर येणार होते. त्यांच्या गडबडीत हीही निघून गेली असती.

तिने अधिकाऱ्याला बोलावणं पाठवलं. त्याने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग गुडघ्यांवर बसून काठापर्यंत गेला. परतला तेव्हा त्याच्या नजरेतली दया गेली होती.

"पण कशासाठी?" त्याने हळू आवाजात विचारलं. "या माणसाचं कोणाशी वैर होतं?"

वेनिंगला तोच प्रश्न पडला होता. माणसाशी नसेल, तर तो जे करणार होता त्याच्याशी वैर असेल. ती दालनाच्या दाराकडे बघत राहिली. टिचकी मारून क्याईंना उठवीन, म्हणाले होते ते.

४

राडेन आत्ताच ठोका द्यायला तयार होईनात. मुहूर्त उद्याचा होता. शिवाय आज रक्त सांडलं होतं. वेनिंगने वाद घातला नाही. तिने एवढंच सांगितलं की हे सार्वोकोंसाठी आहे, आणि उद्यापर्यंत ते असतील की नाही हे कोणी सांगू शकत नाही. म्हातारबुवा उठले. त्यांनी हात जोडले, कापडाने मढवलेली मोगरी उचलली आणि डोळे खाली घालून गाँगच्या मधल्या उंचवट्यावर ठोका दिला.

आवाज छान होता. भरलेला आणि गोल. अधिकारी मान हलवू लागला.

तेवढ्यात वेनिंगने खांबावरचं बोलकं यंत्र उचलून आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं. त्यातला गाँगचा आवाज सार्वोकोंनी स्वतः टिपून घेतला होता, फरशीचं काम सुरू होण्याआधी, गाँग अजून जुन्या जागी असताना.

यंत्रातला क्याई मेगो खोलातून आला. त्याच्या आवाजाला लाट होती, संथ, लांब, श्वासासारखी वर-खाली होणारी. समोरचा गाँग अजून निनादत होता, आणि त्याची लाट घाईची होती, धापा टाकल्यासारखी. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले आणि दालनात असं काही झालं की अधिकाऱ्यानेही तोंड कडू केलं.

राडेनच्या हातातली मोगरी खाली आली. त्यांनी तीन दिवसांत पहिल्यांदाच डोळे उचलून त्या गाँगकडे नीट पाहिलं.

"हे क्याई नव्हेत," ते म्हणाले.

आता सगळं कळत होतं. फरशी घालताना गाँग कित्येक आठवडे कोठीत होता. तिथून परत आला तो दुसराच. तो तसाच मुका टांगलेला राहिला असता तर कोणाला जन्मात कळलं नसतं. नकलेकडे नुसतं बघणारे तिला फसतात. वाजवायचं ठरलं आणि पहिली टिचकी सार्वोकोंच्या बोटाची असणार, हे ठरलं, तेव्हा त्या माणसाची झोप उडाली असणार.

राडेन तो माणूस नव्हेत. नकलेसमोर कोणी तीन दिवस उपाशी बसत नाही. राहिले तिघे, ज्यांच्या खिशात कोठीची किल्ली होती. अधिकारी तिघांनाही ठाण्यावर न्यायला निघाला, पण वेनिंगने त्याला थांबवलं. तिला सकाळचं काहीतरी छळत होतं. दुपारी तिची खुर्ची थरथरली. सकाळीही ती त्याच वाटेने काठापर्यंत गेली होती. मग सकाळी का थरथरली नाही?

आणि तिला आठवलं.

"मला जरा वेळ द्या," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "तुम्ही आणि राडेन इथे दाराआड बसा. काही बोलू नका. फक्त माझ्या पुढच्या चाकांकडे बघा."

५

पहिला गालिह आला. कुंड पुन्हा एकदा बघायचं आहे, काठाशी नेतोस का, एवढंच तिने सांगितलं. तो झपाझप ढकलत निघाला. मध्यापलीकडे खुर्ची खडखडली आणि तो चमकून थांबला. चाकात काही अडकलं का, म्हणून वाकून बघू लागला, फरशीवर हात ठेवला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. माझी पट्टी इथे कशी, असं तो विचारणार तोच वेनिंगने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला दाराआड पाठवलं.

मग इबू कुसुमास्तुती. त्यांनी खुर्ची भाजीच्या गाड्यासारखी ढकलली. खडखडाट झाला तसा त्यांनी आणखी जोर लावला आणि गालिहच्या कामाला नावं ठेवली. नवी कोरी फरशी, आणि आताच खडबडीत. त्या वाकल्या नाहीत, थांबल्या नाहीत. त्यांनाही तिने दाराआड पाठवलं.

शेवटी दानुर्वेंदो.

"ढकलू का, म्बाक?"

"ढकला, बापाक."

त्यांची पावलं मागे मऊ वाजत होती. उताराचं डोकं गेलं, पिवळी पट्टी डावीकडे वळून गेली. वेनिंग हात मांडीवर ठेवून बसली होती. ब्रेकवर हात न्यावासा वाटत होता आणि ती नेत नव्हती. मध्य ओलांडला. खुर्ची हलकेच मागे कलली. पुढची चाकं उचलली गेली आणि हवेतच राहिली. काही थरथरलं नाही.

ते काठाशी येऊन थांबले, तेव्हाच चाकं अलगद टेकली. तिच्या पायांच्या फळीपुढे वीतभर फरशी होती. त्यापुढे काहीच नव्हतं.

"बापाक," ती समोर बघत म्हणाली, "तुम्ही आत्ता माझी चाकं का उचललीत?"

खुर्चीच्या मुठींवर त्यांचे हात घट्ट झाले. ते तिला पाठीतून कळलं.

"पिवळी पट्टी मागेच वळली. इथे नुसती फरशी आहे. सकाळीही तुम्ही इथेच उचललीत. इबूंनी उचलली नाहीत, गालिहने उचलली नाहीत. त्यांना इथे काही दिसतच नाही. तुम्हालाही दिसत नाही. पण इथे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

खुर्ची किंचित हलली. पुढे की मागे, ते तिला समजलं नाही. दालनाच्या दारात अधिकारी उठून उभा राहिलेला तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला, आणि तो फार लांब होता. धावत आला तरी फार लांब. ब्रेक लावले तर चाकं थांबतील, खुर्ची उलटायची थांबणार नाही. तिला सार्वोकोंचा वळलेला पाय आठवला. तिने डोळे मिटले नाहीत. खालच्या कोरड्या दगडाकडे बघत राहिली.

"काल संध्याकाळी पाणी होतं," दानुर्वेंदो म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "कमरेएवढं पाणी होतं, म्बाक. मी बघितलं होतं. ते भिजले असते, घाबरले असते. सगळे म्हणाले असते, नको हा खेळ. एवढंच व्हायला हवं होतं."

आणि त्यांनी खुर्ची मागे ओढली. एक पाऊल, दोन पावलं, काठापासून चांगली लांब. मग मुठी सोडल्या आणि फरशीवर बसून राहिले. अधिकारी त्यांच्यापाशी पोचला तेव्हा त्यांनी हात स्वतःहून पुढे केले.

पुढचं त्यांनी न विचारता सांगितलं. गाँग त्यांनी विकला नव्हता. फरशीच्या कामासाठी दालन रिकामं करताना कामगारांवर विश्वास नको, म्हणून एकट्यानेच तो चौकटीतून उतरवायला घेतला. दोर जुना होता. क्याई मेगो दगडावर पडला आणि कडेपासून मधल्या उंचवट्यापर्यंत तडकला. अठ्ठावीस वर्षं ज्याला त्यांनी धुळीचा कण लागू दिला नव्हता, तो त्यांच्याच हातून गेला. तडकलेला गाँग पुन्हा जोडता येत नाही. राडेनना काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. लांबच्या गावातल्या घडवणाऱ्याकडून तसाच दुसरा करून आणला. खरा त्यांच्या घरी होता, बाटिकच्या कापडात गुंडाळलेला. त्याच्यापुढे ते रोज फुलं ठेवत होते.

राडेन दारात उभे राहून ऐकत होते. "मला सांगितलं असतंस," एवढंच ते म्हणाले.

६

सार्वोको शुद्धीवर आले ते दोन दिवसांनी. पाय कायमचा अधू होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं. पिवळी पट्टी उखडली गेली नाही. इबूंनी स्वतः मजुरांना फाटकातून परत पाठवलं, आणि काठाला साखळीऐवजी पक्का लाकडी कठडा बसवून घेतला. उद्घाटन लांबलं. नकली गाँग चौकटीतून खाली आला, आणि राडेननी सगळ्यांना चकित करत सांगितलं की खरा क्याई मेगो वाजत नाही तर तो बुटक्या टेबलावर आडवा ठेवा. ज्याला बघायचं त्याने हात लावून बघावं. लहान मुलांनी, खुर्चीत बसणाऱ्यांनी, सगळ्यांनी.

पहिला हात सार्वोकोंचा लागला. कुबड्या बाजूला ठेवून ते बराच वेळ त्या गार काशावर बोटं फिरवत राहिले. तडा सापडल्यावर त्यांनी तो कडेपासून आतपर्यंत, पुन्हा आतून कडेपर्यंत चाचपला. वेनिंग शेजारी होती. ते रडतील असं तिला वाटलं होतं. ते रडले नाहीत. त्यांनी विचारलं, दानुर्वेंदोंना कुठे ठेवलंय?

तुरुंगात भेटीची खोली लहान होती, दाराला उंबरा होता. वेनिंगने पहारेकऱ्याला उंबऱ्यावरून सुनावलं तेव्हा कुठे दोघं आत गेली. दानुर्वेंदो समोर आले, सार्वोकोंच्या कुबड्या बघून जागीच थबकले आणि गुडघ्यांवर बसायला लागले. कपड्यांची सळसळ सार्वोकोंनी ऐकली.

"उठा," ते म्हणाले. "मी माफ करायला आलेलो नाही. करीन की नाही, मला माहीत नाही. पायांनी चालताना आता मला भीती वाटते. आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती तुम्ही दिलीत."

दानुर्वेंदो खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांना मान वर करता येत नव्हती.

"एक विचारायचं आहे," सार्वोको म्हणाले. "ते दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. क्याई पडले तेव्हा दालनात तुम्ही एकटे होतात. तो त्यांचा शेवटचा आवाज. कसा होता?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. पहारेकरी दाराशी घुटमळला आणि बाहेर गेला. दानुर्वेंदोंनी डोळे मिटून घशातून एक खोल सूर काढला. तो वर चढला, मध्येच चिरला, आणि चिरल्यावरही बराच वेळ थरथरत राहिला.

सार्वोको मान थोडी कलती करून ऐकत होते, बिघडलेला सूर तपासताना ऐकायचे तसे.

"पुन्हा," ते म्हणाले.